रोज सकाळी निळा पडदा

४ फेब्रुवारी, मंगळवार

निळा पडदा! सकाळी दुकान उघडलं, मेन स्विच वर केला, कॉम्प्युटर चालू केला — आणि तोंडावर निळा पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत काहीबाही. बंद केला, परत चालू केला. आधी काळ्यावर दोन ओळी येतात, अमुक बटण दाबा म्हणून. दाबलं. परत निळा. असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी टेबलावर हात आपटला, तो मलाच लागला.

कॉम्प्युटर नाही तर कोरायचं मशीन म्हणजे नुसतं लोखंड. पावलाचं माप कॉम्प्युटरमध्ये असतं, तो मशीनला सांगतो, मग मशीन लाकडातून कलबूत कोरतं — ज्यावर बूट चढवून शिवतात तो लाकडी पाय. आमच्याकडे येणाऱ्यांचे पाय साधे नसतात. कोणाचा एक आखूड, कोणाचं पाऊल आत वळलेलं, कोणाला बोटंच नाहीत. त्यांना बाजारातला बूट होत नाही. तीनशेवर माणसांचे पाय आहेत त्या डब्यात! ते गेले तर मी परत सगळ्यांना बोलावून मापं घेत बसू? निम्मी माणसं आता कुठे असतात तेही ठाऊक नाही.

मशीन दादाने आणलं. कॉम्प्युटरही त्यानेच आणला, जोडलाही त्यानेच. ते फक्त त्या जुन्या सिस्टिमवर चालतं. मशीन बनवणारे कधीच दुकान गुंडाळून गेले आणि त्यांचं कार्ड नव्या कॉम्प्युटरला बसत नाही. म्हणजे आता हा डबाच जिवंत करायला हवा.

जेवताना बायको म्हणाली, "मोठ्या भावजींना विचारून बघा ना." मी ऐकलंच नाही असं दाखवलं. तिने परत म्हटलं. मी ताट सरकवून उठलो.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुरुस्तीवाला येऊन गेला. पाटीवर 'कॉम्प्युटरचे डॉक्टर' लिहिलंय म्हणून अख्खा बाजार त्याला डॉक्टर म्हणतो, आणि तोही ऐकून घेतो. पन्नाशीचा गडी, पोट पुढे, कानात कायम ती फोनची गोळी. "हो हो, बघतो" म्हणाला तेव्हा मी मान डोलावली, तर तो बायकोशी बोलत होता — त्याच्या.

डबा उघडल्याबरोबर नाक धरलं. "शी, काय ही धूळ!" चामड्याच्या दुकानात काय अत्तर उडतं? मग दोन मिनिटं निळ्या पडद्याकडे बघून निकाल दिला — "डिस्क गेली." इतक्या गार आवाजात म्हणाला की जणू रोज दहा जातात.

नवी डिस्क घातली. जुनी मी एका रिकाम्या बुटाच्या खोक्यात ठेवली. मग जुन्या सिस्टिमची सीडी लावली — ओरखडे असे की मांजराने खेळायला घेतली असावी. बराच वेळ निळ्यावर पांढरी अक्षरं पळत राहिली आणि शेवटी एक वाक्य: हार्ड डिस्क सापडली नाही. नवी कोरी डिस्क, हाताने घातलेली, आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर — आणि म्हणे सापडली नाही!

डॉक्टरने वायर बदलली. सीडी शर्टाला पुसली. डिस्क काढून घातली. सापडली नाही. म्हणाला, डिस्क मोठी आहे, जुन्या सिस्टिमला एवढी मोठी झेपत नाही. अर्ध्या तासाने म्हणाला, वायर हलकी आहे. त्यानंतर म्हणाला, तुमचा डबाच जुना आहे. नाचता येईना अंगण वाकडं.

बायको काही बोलली नाही. पण न बोलण्याची तिची एक पद्धत आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दादाला विचारणार नाही. इथे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या माझाच विचार बदलायला नको.

लहानपणी रेडिओ — तू हात लावू नकोस. शिलाई मशीन — तू हात लावू नकोस. स्कूटर, पंखा, घराची कुलपं, सगळं. हे मशीन आलं तेव्हाही तेच. मी पन्नाशीला आलो होतो, दुकानाचा निम्मा मालक होतो, तरी तेच! त्याच्या पाठीमागे उभं राहून चोरून बघून चार बटणं शिकलो, तेवढ्यावर आजवर रेटलं. आणि एक दिवस चार गिऱ्हाइकांसमोर — "तू लांब हो, वाट लावशील." मी म्हटलं, मग तूच कर सगळं. तो म्हणाला, नाही, आता तूच कर. किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि गेला. गावाच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं. तेव्हापासून ना तो आला, ना मी गेलो. गेला तो होता. यायचं त्यानेच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फ्लॉपी! डॉक्टरला कुणीतरी सांगितलं की जुन्या सिस्टिमला नवी डिस्क ओळखायला शिकवावं लागतं, आणि ती शिकवणी फ्लॉपीवरूनच घेते. दुसरं काही चालत नाही. पेन ड्राइव्ह नको, सीडी नको. महाराणीला फ्लॉपीच पाहिजे.

फ्लॉपी वाचायचा डबा कुठून मिळणार? डॉक्टरने भंगारवाल्याकडून उचलून आणला. माझ्या टेबलावर उघडला. आत झुरळ होतं. मेलेलं, वाळलेलं, पाय वर करून. डॉक्टरने ते फुंकर मारून उडवलं, ते माझ्या चहाच्या कपाजवळ पडलं. चहा टाकून दिला. कपही टाकावासा वाटला. मग त्याने खिशातून फ्लॉपी काढली, तिच्यावर पांढरी बुरशी. तीही शर्टाला पुसली. त्या शर्टाने काय काय पाहिलं असेल!

आत घातली. कुत्र्याने हाड चावावं तसा आवाज. फ्लॉपी वाचता येत नाही.

घरी येऊन साबणाने दोनदा हात धुतले. तरी तो बुरशीचा वास नाकात आहेच.

८ फेब्रुवारी, शनिवार

झालं! डॉक्टरला म्हटलं पाहिजे — आंधळ्याचा का होईना, दगड लागला. कॉम्प्युटर चालू होताना एक बटण दाबलं की त्याची स्वतःची सेटिंगं दिसतात. तिथे डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती आहेत, एक नवी, एक जुनी. आमची सिस्टिम जुनी, तिला जुनीच भाषा कळते. डॉक्टरने नवीवरून जुनीवर केलं आणि डिस्क सापडली! दुपारभर बसून सिस्टिम चढली. मशीनचं कार्डही ओळखलं. एक ठोकळा लावून पाहिला, कोरला.

मी म्हटलं, मग जुनी डिस्कही बरी असेल की, लावून बघू या? लोकांचे पाय तिच्यात आहेत. डॉक्टर हसला. "मी सांगितलं ना ती मेली. मेलेल्याची नाडी परत बघतात का?" शहाणा. पण काम झालं होतं, वाद घातला नाही.

संध्याकाळी मेन स्विच खाली पाडला, कुलूप घातलं. बाबांचा नियम — दुकान बंद तर वीज बंद. त्यांच्या वेळेला शेजारचं दुकान एका वायरीने जळालं होतं. दादाने बाकी सगळं बदललं, हा नियम त्यानेही पाळला.

आज बरं झोपेन.

१० फेब्रुवारी, सोमवार

निळा पडदा.

डॉक्टर आला, सेटिंगं उघडली. पद्धत परत नवी! माझ्याकडे अशा नजरेने बघितलं — "तुम्ही कोणी हात लावलात का?"

माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीवर बसून मला विचारतो, हात लावलात का! अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, रविवारी दुकानाला कुलूप होतं, किल्ली माझ्या उशाशी. "मग कसं बदललं?" मला काय विचारतोस? चोराच्या उलट्या बोंबा.

त्याने परत जुनी पद्धत केली. चालू. दिवसभर चालू. मध्ये एकदा म्हणाला, "याचं घड्याळही पार मागे गेलंय, किती तरी वर्षं." मी विचारलं, त्याचा काही संबंध? "छे. जुन्या मशीनचं असंच. माझ्या सासऱ्याचंही घड्याळ मागेच आहे." आणि आपल्याच विनोदावर हसत बसला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज परत निळा. शी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल संध्याकाळी डॉक्टरने सेटिंग केल्यावर मी कीबोर्डवर बूट चिकटवायची पट्टी आडवीतिडवी मारली. डब्याला दोरी बांधली, गाठीवर मेणाचा थेंब. म्हटलं, आता बघू कोण हात लावतं.

सकाळी पट्टी तशीच. मेण तसंच. पडदा निळा.

डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, "असं होऊच शकत नाही." मी म्हटलं, झालंय. तो म्हणाला, "होऊच शकत नाही." पाच मिनिटं आम्ही हेच बोललो. बायको हसून आत गेली. तिला हसू येतं!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आता कळलं. दादाचं काम आहे हे.

जाताना काहीतरी करून ठेवलंय त्याने आत. कुलूप म्हणा, सापळा म्हणा. त्याच्याशिवाय हे चालूच नये, मला एक दिवस त्याच्या दारात जावं लागावं, म्हणून. त्याला जमतं हे. लहानपणी मी रेडिओ लावू नये म्हणून मागची कुठलीशी वायर सोडून ठेवायचा, आणि मी रडलो की येऊन एका बोटाने लावायचा. आईला वाटायचं केवढा हुशार! किळस येते. माझ्याशी वैर धर ना. त्या लंगड्या-पांगळ्यांनी काय घोडं मारलंय तुझं?

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "एवढी वर्षं चालला, आणि सापळा आत्ता लागला?" हिला वकील व्हायला हवं होतं.

डॉक्टर डबा उचलून आपल्या दुकानी घेऊन गेला. म्हणाला, दोन दिवस डोळ्यांसमोर ठेवतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरच्या दुकानात दोन दिवस, दोन रात्री सुरळीत चालला. त्याने तो बंदच केला नव्हता. आज मिरवत आणून दिला. माझ्या टेबलावर ठेवला, वायर लावली — निळा!

डॉक्टरचा चेहरा बघण्यासारखा होता. मग म्हणाला, "तुमच्या दुकानाची वीजच खराब आहे." याच विजेवर दिवा चालतो, पंखा चालतो, त्याचा फोनही त्याने इथेच चार्जिंगला लावलाय. पण नाही, वीज खराब!

आता नवा बेत. नवी डिस्कही संशयास्पद, तर ती जुनी पूर्ण पुसून कोरी करायची आणि तिच्यावर सिस्टिम चढवायची. मी म्हटलं, तिच्यात लोकांचे पाय आहेत. "ते गेलेच ना. मढ्यावरचे दागिने काय उपयोगाचे?" सोमवारी येऊन पुसतो म्हणाला. मी हो म्हटलं. थकलो. अक्षरशः थकलो.

तो असतानाच पोस्टातली बाई आली. डावा पाय चार बोटं आखूड, पाऊल आत वळलेलं. दिवसभर खिडकीमागे उभी राहून काम करते. तिचा बूट तळापासून उसवलाय, कापडाची पट्टी गुंडाळून आली होती. माझं माप आहेच ना तुमच्याकडे, म्हणाली. मी म्हटलं, आहे. डॉक्टरने वर बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. सोमवारनंतर ते नसणार, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

१६ फेब्रुवारी, रविवार

तिच्या जुन्या बुटाच्या आत कागद घालून अंदाज घेतला आणि हाताने कोरायला बसलो. मशीन येण्याआधी मीच कोरायचो की! कानशी, पटाशी, सगळं काढलं. दिवसभर बसलो. टाच बरी आली. वळण नाही आलं. परत कोरलं तर जास्त गेलं. लाकडाला गेलेलं परत लावता येत नाही.

संध्याकाळी तिला बोलावून कलबूत पायाशी धरून पाहिलं. ती म्हणाली, "चालेल हो." इतकं लगेच म्हणाली की मला कळलं, नाही चालणार. एवढी वर्षं दुखणं सोसायची सवय असलेली माणसं असंच म्हणतात. ती पायऱ्या उतरताना मी आतच थांबलो, बघवलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

खोकं रिकामं. जुनी डिस्क नाही.

डॉक्टर हत्यारं मांडून बसलेला. मी सगळं दुकान उलथंपालथं केलं. बायको आली, दारात उभी राहिली, म्हणाली, "माझ्याकडे आहे. देणार नाही." डॉक्टरसमोर! मी आवाज चढवला. ती म्हणाली, "ओरडा. पण पुसू देणार नाही. मी वहिनींना फोन केलाय. उद्या येतायत दोघं."

डॉक्टर हत्यारं गोळा करून गेला. जाताना पुटपुटला, घरातलं आधी मिटवा.

दिवसभर बायकोशी बोललो नाही. पण विचारल्याशिवाय राहवेना — काय म्हणाली वहिनी? "म्हणाल्या, सकाळी अकराच्या आत येऊ. सकाळी ते बरे असतात. आणि म्हणाल्या, जास्त प्रश्न विचारू नका त्यांना."

वा! साहेब सकाळी बरे असतात. प्रश्न विचारलेले चालत नाहीत. मी हात बांधून उभा राहायचं आणि त्यांनी कृपा करायची. अडला हरी गाढवाचे पाय धरी — तर धरतो. त्या पोस्टातल्या बाईसाठी धरतो. दुसऱ्या कशासाठी नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आला. सगळं लिहितो, नाहीतर झोप लागायची नाही.

वहिनीने हात धरून पायऱ्यांवरून आणलं. राजाची स्वारी! केस पांढरेफटक झालेत. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. हा माणूस बाजारात जायचं तरी इस्त्री करायचा, आणि आमच्याकडे यायचं तर हा अवतार. म्हणजे आमची किंमत कळलीच.

मी पुढे झालो. म्हटलं, ये. त्याने हसून हात जोडले. "नमस्कार. छान ठेवलंय तुम्ही दुकान."

तुम्ही! पाठच्या भावाला तुम्ही! एवढी वर्षं तोंड बघितलं नाही, आणि पहिला शब्द असा. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं. बायकोने चहाचं विचारलं तर — "नको, तुम्ही त्रास घेऊ नका." मग विचारतो, "इथे बाथरूम कुठे आहे?" स्वतः उभं राहून बांधून घेतलंय त्याने ते! मी बोटाने दाखवलं. शब्द वाया घालवला नाही. वहिनी दाराशी जाऊन उभी राहिली. मनात म्हटलं, नाटकं करा दोघं.

मग तो मशीनपाशी आला आणि आधी त्याच्या अंगावरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. खुर्चीत बसला. कॉम्प्युटर चालू केला. काळ्या पडद्यावर त्या दोन ओळी आल्या, ज्या आम्ही न वाचता रोज बटण दाबून घालवत होतो. त्याने वाचल्या. सेटिंगं उघडली. घड्याळ बघितलं, जुनं कुठलंसं साल. हसला.

"रात्री मेन स्विच पाडता का?"

मी म्हटलं, अर्थात. वडिलांचा नियम आहे.

"चांगला नियम आहे. पण मग आतला सेल चार-पाच वर्षांनी बदलावा लागतो. वीज नसते तेव्हा तो सेल सगळं लक्षात ठेवतो. तो संपला की हा रोज सकाळी सगळं विसरतो. घड्याळही, सेटिंगही."

एवढंच! रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल! डिस्क बदलली, वायर बदलली, झुरळ पाहिलं, मेण लावलं, भावाच्या नावाने बोटं मोडली — आणि रात्री आपल्याच हाताने स्विच पाडून आपणच सगळं पुसत होतो. डॉक्टरकडे चालला, कारण त्याने बंदच केला नाही. आपलीच शिसारी आली.

सेल कुठून आणणार? रसायनं तोलायच्या छोट्या काट्यात तसाच आहे, बायकोला आठवलं. दादाने काटा हातात घेतला, सेल काढला, बोटांत धरून बघितला. आता हा डब्यात हात घालणार आणि मी लांब उभा राहणार — असं म्हणून मी मागे सरकलो.

तर त्याने पेचकस माझ्यापुढे धरला.

"धरा. तुम्हीच बसवा. बघून येत नाही हे, करून येतं."

मी घेतला. डबा उघडला. जुना सेल निघेना. तो शेजारी वाकून शांतपणे सांगत होता — "बाजूची पट्टी दाबा. अलगद. घाई नाही. हं, असं." सेल टक्कन वर आला. नवा बसवला. मग सेटिंगंही मलाच करायला लावली. चुकीचं बटण दाबलं. मी मान खाली घालून वाट बघत होतो, आता येईल ते वाक्य. "काही बिघडत नाही, मागे या," म्हणाला.

बायकोने पदराखालून जुनी डिस्क काढून दिली. तीही मीच लावली. चालू केलं. निळा नाही आला! जुनी सिस्टिम आली, तीच, कोपऱ्यात तेच चित्र. यादी उघडली. सगळे पाय होते, पोस्टातल्या बाईचाही. मेलेलं कोणीच नव्हतं.

मला चीड यायला हवी होती. दुसऱ्याला शिकवावं तसं शिकवत होता, अहो-जाहो करत. नाही आली. लिहायला लाज वाटते, पण फार बरं वाटलं. आयुष्यभर ज्यासाठी तडफडलो ते त्या अर्ध्या तासात मिळालं, आणि तो इतका गोड बोलत होता की ते पूर्वी का नाही दिलंस, हे विचारायचंही सुचलं नाही.

जाताना परत हात जोडले. "काही लागलं तर बोलवा. येईन मी." झालं, जाता जाता परत चपराक! मीही जोडले, कोपरापासून. वहिनी मागे रेंगाळली. "भावजी, जरा बोलायचं होतं." मी म्हटलं, आता काय बोलायचं राहिलंय? तिने पायरीशी उभ्या असलेल्या त्याच्याकडे बघितलं आणि गेली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी मेन स्विच वर केला, कॉम्प्युटर चालू केला, डोळे मिटून उभा राहिलो. उघडले तर सगळं जागच्या जागी. घड्याळही बरोबर.

दुपारपर्यंत पोस्टातल्या बाईचं कलबूत निघालं. ते वळण! माझ्या हातून दहा जन्मांत आलं नसतं. रात्रीपर्यंत वरचं चामडं शिवेन, परवा बूट तिच्या पायात.

डॉक्टर उगाच डोकावला. काय होतं म्हणे? सांगितलं. "मला वाटलंच होतं," म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला! याचं तोंड बघायची इच्छा उरली नाही.

बायको म्हणते, एकदा जाऊन या त्यांच्याकडे. मी म्हटलं, परक्यासारखा वागला तो. हात जोडून गेला, तोडून गेला. मी जाणार नाही. ती म्हणाली, "मला काही वेगळंच वाटतंय." काय ते सांगेना.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वहिनीचा फोन. बायकोने माझ्या हातात दिला.

"भावजी, त्या दिवशी तुम्ही बोलू दिलं नाहीत. त्यांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. माझं नावही कधी कधी चुकतं. हात तेवढे विसरलेले नाहीत. तुम्हाला ते दुकानाचे नवे मालक समजले."

मी विचारलं, पाठचा भाऊ आहे, एवढं तरी आठवतं का?

"तो आठवतो ना. रोज आठवतो. परवा घरी येताना म्हणाले, मालक किती मन लावून शिकतात, माझ्या धाकट्याला मी कधी शिकवलंच नाही. मी विचारलं, कुठे असतो तो? तर म्हणाले — रुसलाय. येईल."